रस्त्यावर कोसळलेल्या माणसाच्या वतीने

रुग्णवाहिकेतून उतरणाऱ्या माणसाने रुग्णाला हात लावण्याआधी काय शिकलेले असावे, कोणती परीक्षा दिलेली असावी आणि किती वर्षांनी ती पात्रता पुन्हा सिद्ध करावी, हे अमेरिकेत प्रत्येक राज्य आपापल्या कायद्याने ठरवते. इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन, ज्याला तिथे सगळे ईएमटी म्हणतात, आणि त्याच्या वरच्या पायरीवरचा पॅरामेडिक या दोघांच्या प्रमाणपत्रांच्या अटी वाचू लागले की प्रथमदर्शनी ते कार्यालयीन काम वाटते: तास, शुल्क, बोटांचे ठसे, नूतनीकरणाचा अर्ज. या अटींच्या मुळाशी मात्र एक गंभीर प्रश्न आहे. डॉक्टर आपण निवडतो, वकील निवडतो, घर बांधायचे तर गवंड्याचीही चार ठिकाणी चौकशी करतो. छातीत कळ येऊन रस्त्यात कोसळलेल्या माणसाला यातले काहीच करता येत नाही. जी गाडी येईल ती त्याची, जे हात पुढे येतील ते त्याचे. त्या हातांनी काही चुकले तर ते त्याला कळणार नाही, आणि बहुधा त्याच्या घरच्यांनाही कधी कळणार नाही. म्हणून ही निवड त्याच्या वतीने कोणीतरी आधीच करून ठेवायला हवी, आणि ते काम राज्याचे आहे. सक्तीच्या प्रमाणपत्राला या व्यवसायात जेवढा भक्कम आधार आहे तेवढा फार थोड्या व्यवसायांत सापडेल, असे मला वाटते. पण तोच आधार राज्यावर एक बंधनही घालतो. अट रुग्णाच्या नावाने घातलेली असेल तर तिचा हिशेबही रुग्णाच्या जिवाशीच मांडला पाहिजे. परिषदेची प्रतिष्ठा, शिकवणाऱ्या संस्थांची सोय किंवा जुन्या कर्मचाऱ्यांचे हितसंबंध यांपैकी काहीही त्या अटीचे समर्थन ठरू शकत नाही.

साठ वर्षांपूर्वी तिथे अशी काही अटच नव्हती, हे आज सहज विसरले जाते. १९६६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती मृत्यू आणि अपंगत्व यांवर एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यातील नोंदीप्रमाणे १९६५ या एका वर्षात ५ कोटी २० लाख अपघाती इजा झाल्या, १ लाख ७ हजार माणसे मेली आणि ४ लाख माणसांना कायमचे अधूपण आले. याच अहवालाने एक गोष्ट जगापुढे आणली: देशातील सुमारे निम्मी रुग्णवाहिका सेवा अंत्यविधीची व्यवस्था पाहणारे व्यावसायिक चालवत होते. कारण अगदी साधे होते. आडवा माणूस मावेल अशी लांब गाडी गावात त्यांच्याकडेच असे. गाडीत बसणाऱ्याला रक्तस्राव थांबवता येतो का, मान मोडलेल्या माणसाला उचलायचे कसे हे ठाऊक आहे का, असे बहुतेक ठिकाणी कोणी विचारत नव्हते. त्याच वर्षी संसदेने महामार्ग सुरक्षेचा कायदा केला आणि रुग्णवाहिका सेवेचे मानक ठरवण्याचे काम आरोग्य खात्याऐवजी वाहतूक खात्याच्या कक्षेत गेले. मोटार अपघातांच्या चिंतेतून जन्मलेली ही व्यवस्था आजही केंद्रीय पातळीवर रस्ते सुरक्षेच्या यंत्रणेशी बांधलेली आहे. पुढे ईएमटीसाठी पहिला राष्ट्रीय पाठ्यक्रम तयार झाला तो ८१ तासांचा. १९७० मध्ये ओहायो राज्यातील कोलंबस येथे नॅशनल रजिस्ट्री ही बिगरसरकारी संस्था उभी राहिली आणि देशभर एकच परीक्षा घेण्याची सोय झाली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात वेडवर्थ–टाउनसेंड कायदा मंजूर झाला. त्याआधी लॉस एंजेलिस परगण्यात प्रशिक्षण घेतलेले अग्निशमन जवान तयार होते, पण त्यांच्यासोबत परिचारिका नसेल तर त्यांना औषध देता येत नव्हते. कौशल्य होते, अधिकार नव्हता. प्रमाणपत्राचे पहिले काम हा अधिकार देणे हे आहे. गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र यांत फरक आहे तो इथे.

या इतिहासातील सर्वांत शिकण्यासारखे पान पिट्सबर्गचे आहे. हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत १९६७ मध्ये फ्रीडम हाउस ही रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. कृत्रिम श्वसनाच्या तंत्रासाठी जगभर नाव असलेले डॉ. पीटर साफार यांनी तिचा अभ्यासक्रम बांधला. बेरोजगार म्हणून हिणवल्या गेलेल्या त्याच वस्तीतल्या तरुणांना सुमारे ३०० तासांचे शिक्षण मिळाले. तेव्हा इतर ठिकाणी प्रथमोपचाराचा एखादा वर्ग पुरेसा मानला जात होता. पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलाइन या सेवेच्या वैद्यकीय प्रमुख झाल्या आणि तिथल्या अनुभवातून त्यांनी पॅरामेडिकसाठीचे मूळ पाठ्यपुस्तक लिहिले. म्हणजे देशाने ज्या शिक्षणाचा पुढे कित्ता गिरवला ते शिक्षण या माणसांनी प्रथम रस्त्यावर सिद्ध केले होते. १९७५ मध्ये शहराने स्वतःची सेवा सुरू करून फ्रीडम हाउस बंद केले. तिथल्या कर्मचाऱ्यांना सामावून घेण्याचे ठरले खरे, पण नव्या परीक्षा, नव्या अटी आणि नव्या वरिष्ठांच्या हाताखाली त्यांतले बरेच जण थोड्याच काळात बाहेर फेकले गेले. प्रमाणपत्राची बाजू घेणाऱ्याने ही घटना टाळून पुढे जाऊ नये. ज्या साधनाने अकुशल माणसाला रुग्णापासून दूर ठेवता येते, त्याच साधनाने कुशल माणसालाही दूर ठेवता येते. परीक्षा आहे एवढ्यावर ती न्याय्य ठरत नाही. ती नेमके कोणते कौशल्य तपासते आणि त्या कौशल्याचा रुग्णाशी काय संबंध आहे, हे दाखवता आले पाहिजे.

आजची रचना समजून घेताना चार कड्या वेगळ्या ओळखाव्या लागतात. पहिली शिक्षणाची, दुसरी रजिस्ट्रीच्या परीक्षेची, तिसरी राज्याच्या परवान्याची आणि चौथी स्थानिक वैद्यकीय संचालकाच्या संमतीची. रजिस्ट्रीचे प्रमाणपत्र सांगते की या व्यक्तीने किमान ज्ञान दाखवले आहे. राज्याचा परवाना सांगतो की आमच्या हद्दीत ती हे काम करू शकते. वैद्यकीय संचालक, जो डॉक्टर असतो, तो सांगतो की माझ्या जबाबदारीवर, माझ्या लेखी सूचनांनुसार ती काम करील. बहुतेक राज्यांत सुरुवातीला यांतली एक कडी जरी नसली तरी रुग्णाला हात लावण्याचा अधिकार मिळत नाही. पायऱ्याही चार आहेत: आपत्कालीन प्रतिसादक, ईएमटी, प्रगत ईएमटी आणि पॅरामेडिक. ईएमटीचे शिक्षण बहुतेक ठिकाणी दीडशे तासांच्या आसपास असते, पॅरामेडिकचे हजार तासांच्या वर जाते आणि त्यात रुग्णालयातील व गाडीवरील प्रत्यक्ष काम मोडते. रजिस्ट्रीचे प्रमाणपत्र दर दोन वर्षांनी नवे करावे लागते आणि त्यासाठी ईएमटीला ४०, तर पॅरामेडिकला ६० तासांचे पुढील शिक्षण दाखवावे लागते. कोणत्या पायरीने काय करावे याचा एक राष्ट्रीय नमुना २००७ मध्ये आला आणि २०१९ मध्ये तो सुधारला गेला, पण तो नमुनाच आहे, राज्यांवर बंधनकारक नाही. १९८१ मध्ये केंद्राने या कामाचे स्वतंत्र अनुदान राज्यांच्या एकत्रित आरोग्य अनुदानात मिसळून टाकल्यापासून सूत्रे राज्यांच्याच हाती राहिली. त्यामुळे न्यूयॉर्क तीन वर्षांचे प्रमाणपत्र देते आणि सतराव्या वर्षीही ईएमटी होऊ देते. टेक्सासचे प्रमाणपत्र चार वर्षे चालते. कॅलिफोर्नियात ईएमटीला प्रमाणपत्र देण्याचे काम प्रामुख्याने स्थानिक यंत्रणा करतात, पॅरामेडिकला परवाना मात्र राज्य देते. ऑरेगॉनमध्ये पॅरामेडिकच्या परवान्यासाठी दोन वर्षांच्या महाविद्यालयीन पदवीची अट आहे.

आता या सगळ्याने रुग्णाचे भले होते का, हा खरा प्रश्न. ठोस पुरावा एका कृतीभोवती गोळा झालेला आहे, आणि ती कृती म्हणजे बेशुद्ध माणसाच्या श्वासनलिकेत नळी घालणे. फ्लोरिडातील ऑर्लॅंडो येथे पॅरामेडिकनी नळी घालून आणलेल्या १०८ रुग्णांची रुग्णालयात पोहोचताच तपासणी करण्यात आली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांतील २७ रुग्णांची, म्हणजे चारांतल्या एकाची, नळी चुकीच्या जागी होती. पुष्कळांच्या बाबतीत ती अन्ननलिकेत गेलेली होती, म्हणजे प्राणवायू फुप्फुसांऐवजी पोटात जात होता. हे सगळे कर्मचारी प्रमाणपत्रधारक होते. चार वर्षांनी त्याच भागातून दुसरा अभ्यास आला. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड सतत दाखवणारे उपकरण, कॅप्नोग्राफ, ज्या रुग्णांना लावले होते त्यांच्यात न लक्षात आलेली चूक एकही नव्हती. ज्यांना लावले नव्हते त्यांच्यात ती सुमारे २३ टक्के होती. या दोन अभ्यासांनी मला जे शिकवले ते असे: प्रमाणपत्र मिळाल्याच्या दिवशीचे कौशल्य पुरत नाही, आणि आणखी शंभर तास वाढवणे हा त्यावरचा इलाज नव्हता. इलाज होता तो चूक जागच्या जागी उघडी पाडणारी सवय सक्तीची करण्याचा. अट घालायची तर अशी. ऍरिझोनानेही हेच दाखवले. तिथे शेकडो नवी कौशल्ये शिकवण्याऐवजी डोक्याला मार लागलेल्या रुग्णांबाबत तीनच गोष्टी राज्यभरच्या रुग्णवाहिका सेवांना पुन्हा शिकवल्या: प्राणवायू कमी पडू देऊ नका, रक्तदाब घसरू देऊ नका, कृत्रिम श्वास घाईघाईने देऊ नका. २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सर्व रुग्ण एकत्र धरले तर वाचणाऱ्यांच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नव्हता, पण गंभीर मार लागलेल्यांत जगण्याची शक्यता दुपटीने वाढली होती आणि त्यांतही ज्यांना नळी घालावी लागली त्यांच्यात ती तिपटीने वाढली होती.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप कॅनडातून येतो आणि तो पूर्ण ऐकून घेतला पाहिजे. ऑंटारिओ प्रांतातील १७ शहरांत हृदयक्रिया बंद पडलेल्या ५,६३८ रुग्णांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे विजेचा झटका देऊन हृदय पुन्हा सुरू करण्याची सोय आधीच वेगवान करण्यात आली होती. त्यात भर म्हणून नळी आणि शिरेतून औषधे देणारे प्रगत पॅरामेडिक आणले, तर वाचणाऱ्यांचे प्रमाण ५.० टक्क्यांवरून ५.१ टक्के झाले, म्हणजे जवळजवळ जिथल्या तिथे राहिले. २०१५ मध्ये अमेरिकेच्या वृद्धांसाठीच्या सरकारी विमा योजनेच्या नोंदींवरून झालेल्या एका अभ्यासात तर हृदयक्रिया बंद पडलेल्यांपैकी साध्या रुग्णवाहिकेने आणलेले १३.१ टक्के रुग्ण रुग्णालयातून जिवंत बाहेर पडले आणि प्रगत रुग्णवाहिकेने आणलेले ९.२ टक्के. मग एवढे शिक्षण, एवढ्या परीक्षा कशासाठी, असे कोणी विचारले तर तो प्रश्न खोडसाळ म्हणता येणार नाही. पण हे आकडे नीट वाचले तर ते प्रमाणपत्राच्या विरोधात जात नाहीत. ऑंटारिओत जी माणसे वाचली ती छातीवर दाब आणि वेळेवर झटका यांनी वाचली, आणि ही दोन्ही कामे शिकून, सराव करून, पुन्हा पुन्हा तपासूनच चांगली होतात. दुसरे म्हणजे त्याच ऑंटारिओच्या संशोधकांनी श्वासाच्या त्रासाचे रुग्ण पाहिले तेव्हा प्रगत उपचार आल्यानंतर मृत्यूचे प्रमाण १४.३ वरून १२.४ टक्क्यांवर आले. एकाच प्रशिक्षणाचा एका आजारात उपयोग नाही आणि दुसऱ्यात आहे. तेव्हा ‘जास्त शिक्षण की कमी’ हा वादच चुकीच्या पायावर उभा आहे. प्रत्येक कृतीचा अधिकार वेगळा तोलला पाहिजे. ज्या कृतीने माणसे वाचतात ती सर्वांना शिकवावी आणि तिची परीक्षा कडक ठेवावी. ज्या कृतीचा उपयोग संशयास्पद आहे ती थोड्यांकडे ठेवावी, किंवा सोडून द्यावी.

दुसरा आक्षेप अर्थशास्त्राच्या बाजूने येतो. परवान्याची सक्ती म्हणजे आधीच आत असलेल्यांनी बाहेरच्यांसाठी लावलेले दार, असा हा युक्तिवाद आहे आणि पुष्कळ व्यवसायांत तो खराही आहे. इन्स्टिट्यूट फॉर जस्टिस या संस्थेने २०१२ मध्ये दाखवले की सौंदर्यप्रसाधन व्यावसायिकाला परवान्यासाठी सरासरी ३७२ दिवसांचे शिक्षण घ्यावे लागते आणि ईएमटीला ३३ दिवसांचे. संस्थेचा रोख सौंदर्यशाळांच्या अतिरेकी अटींवर होता. माझ्या दृष्टीने या आकड्यांतून आणखी एक गोष्ट निघते: तासांची संख्या धोक्याच्या प्रमाणात ठरत नाही. ती ठरवण्यात कोणाचा आवाज मोठा आहे यावर बरेच अवलंबून राहते, आणि रस्त्यावर कोसळलेल्या माणसाची संघटना नसते. म्हणून मी ऑरेगॉनच्या पदवीच्या अटीकडे सावधपणे पाहतो. पदवीमुळे या पेशाला मान आणि पुढची वाट मिळते, हे समर्थकांचे म्हणणे समजण्यासारखे आहे, पण पदवीधर पॅरामेडिकच्या हाती रुग्ण अधिक वाचतात असे दाखवणारा भक्कम पुरावा अजून पुढे आलेला नाही, आणि खेड्यातल्या सेवेला त्या अटीची किंमत मोजावी लागते. टेक्सासचा मार्ग मला अधिक समंजस वाटतो. तिथे पदवी असलेला पॅरामेडिक वेगळी पदवाचक ओळख घेऊ शकतो, पण पदवी नसलेल्याचा काम करण्याचा अधिकार त्यामुळे कमी होत नाही. ग्रामीण अमेरिकेत अजूनही कित्येक गाड्या स्वयंसेवकांच्या जोरावर चालतात. ईएमटीचे मध्यम वार्षिक वेतन २०२३ मध्ये ३९ हजार डॉलरच्या आसपास होते. एवढ्या वेतनावर रात्रीअपरात्री धावणाऱ्या माणसावर नवी अट लादताना तिचा खर्च आणि वेळ कोण देणार, हे त्याच नियमात लिहिले गेले पाहिजे. कॅलिफोर्नियात तुरुंगवास भोगताना वणवे विझवणाऱ्या कैद्यांना सुटकेनंतर जुन्या गुन्ह्यामुळे ईएमटीचे प्रमाणपत्र मिळवणे जवळजवळ अशक्य होते. २०२० मध्ये कायदा बदलून त्यांना न्यायालयाकडे नोंद पुसण्याची मागणी करता येऊ लागली. बंद असलेले दार योग्य कारणाने उघडता येते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

राज्यागणिक वेगळे नियम असावेत का, यावर मात्र मी थोडा वेगळा कौल देईन. अलास्का आणि न्यू जर्सी यांच्यातील अंतरे, हवामान, रुग्णालयांची दाटी यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, त्यामुळे कोणती कृती कोणाकडे सोपवावी हे राज्याने ठरवणे योग्यच. पण माणसाची ओळख, त्याने उत्तीर्ण केलेली परीक्षा आणि त्याच्यावरील कारवाईची नोंद यांना राज्याच्या सीमेवर अडवण्याचे काही कारण नाही. या जाणिवेतून राज्यांनी एक करार तयार केला. २०१७ मध्ये दहाव्या राज्याने तो मान्य केल्यावर तो लागू झाला आणि २०२० पासून प्रत्यक्ष चालू लागला. एका सदस्य राज्याचा परवानाधारक कामानिमित्त दुसऱ्या सदस्य राज्यात गेला तर त्याचा अधिकार तिथे मानला जातो, आणि एका राज्याने केलेली कारवाई दुसऱ्याला सामायिक नोंदवहीत दिसते. यातला नोंदवहीचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. एका राज्यात परवाना गमावलेला माणूस शेजारच्या राज्यात निमूटपणे नवा अर्ज करतो, ही भीती काल्पनिक नव्हती. चौथी कडी, म्हणजे वैद्यकीय देखरेख, ढिली पडली तर काय होते हे २०१९ मध्ये कोलोरॅडोतील ऑरोरा येथे दिसले. पोलिसांनी जमिनीवर दाबून धरलेल्या एका कृष्णवर्णीय तरुणाला पॅरामेडिकनी त्याच्या वजनाच्या मानाने फार मोठी केटामाइनची मात्रा दिली आणि पुढे तो मरण पावला. २०२१ मध्ये राज्याने या औषधाच्या अशा वापरावर कायद्याने मर्यादा घातल्या, आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये दोन पॅरामेडिकना न्यायालयाने दोषी धरले. परवान्यावर लिहिलेल्या अधिकाराइतकीच, तो अधिकार वापरताना रुग्णाऐवजी दुसऱ्या कोणाची गरज भागवली जात नाही ना, ही तपासणी आवश्यक आहे.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटू नये. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा ९३७ रुग्णवाहिका होत्या, त्यांतल्या २३३ प्रगत आणि ७०४ मूलभूत सोयींच्या. गाडीवर डॉक्टर असेल, हे या सेवेचे वैशिष्ट्य मानले गेले, आणि हे डॉक्टर प्रामुख्याने आयुर्वेद, होमिओपॅथी अशा शाखांचे पदवीधर आहेत. गाडीत डॉक्टर आहे यात लोकांना वाटणारा दिलासा मी कमी लेखत नाही. पण ऑर्लॅंडोच्या त्या २७ नळ्या सांगतात की पदवी आणि रस्त्यावरची कृती यांच्यामध्ये स्वतंत्र परीक्षेची, ठराविक काळाने होणाऱ्या फेरतपासणीची आणि रुग्णालयाकडून परत येणाऱ्या नोंदीची जागा आहे. ती जागा पदवी कोणत्या शाखेची आहे यावर अवलंबून नाही. एमबीबीएस झालेल्यालाही ती चुकवता येऊ नये. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या केंद्रीय कायद्याने पॅरामेडिकना आपल्या अनुसूचीत स्थान दिले, प्रत्येक राज्यात परिषद स्थापण्याची तरतूद केली आणि केंद्र व राज्य अशा दोन पातळ्यांवर नोंदवही ठेवण्यास सांगितले. म्हणजे अमेरिकेने पन्नास वर्षांत चुकतमाकत जे ठरवले ते आपल्याला एका बैठकीत ठरवण्याची संधी आहे: तास आधी ठरवायचे की कृती, परीक्षा शिकवणाऱ्या संस्थेनेच घ्यायची की त्रयस्थाने, आणि वर्षानुवर्षे गाडीवर काम करून तयार झालेल्या पण कागद नसलेल्या माणसांना कोणत्या मार्गाने आत घ्यायचे. या शेवटच्या प्रश्नावर नियम करणाऱ्यांनी पिट्सबर्गचा इतिहास समोर ठेवावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

सीमेचा प्रश्नही आपल्याकडे आजच हजर आहे. सिंधुदुर्गातील गंभीर रुग्ण कित्येकदा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात नेले जातात. सावंतवाडी किंवा बांद्याहून निघालेली गाडी पत्रादेवीचा नाका ओलांडते तेव्हा आतला रुग्ण तोच असतो, उपचार करणारे हातही तेच असतात, राज्य मात्र बदललेले असते. नाक्यापलीकडे रुग्णाची प्रकृती बिघडली तर मार्गदर्शनाचा शब्द कोणत्या राज्याच्या डॉक्टरचा, दिलेल्या औषधाची नोंद कोणाच्या दप्तरात, आणि तक्रार झाली तर ती मुंबईत ऐकायची की पणजीत, हे दोन्ही परिषदांनी आपले पहिले नियम छापण्याआधी एकत्र बसून लिहून काढायला हवे.